रोगाच्या आधीची खूण



आज मी तुमच्याशी एका रोगाविषयी बोलणार आहे. मोटर न्यूरॉन डिसीज असे त्याचे नाव. नाव परके आहे आणि रोगही विरळा आहे. युरोपातील पाहण्यांप्रमाणे तो वर्षाकाठी लाखात दोघांच्या आसपास माणसांना होतो. मग एवढ्या विरळ्या रोगाचे पुराण आमच्यापुढे कशाला, असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. त्याला कारण आहे. हा रोग ओळखू यायला फार उशीर लागतो. पहिले लक्षण दिसल्यापासून डॉक्टर रोगाचे नाव सांगेपर्यंत सरासरीने वर्षभर जाते, आणि बहुतेक रोग्यांच्या हाती लक्षण दिसल्यापासून दोन ते पाच वर्षेच असतात. आता हिशेब तुम्हीच करा. असलेल्या वेळातला केवढा वाटा नुसत्या शोधाशोधीत गेला!

हा उशीर कसा कमी करावा, रोगाची खूण आधीच कशी पकडावी, या प्रश्नाच्या मागे जगभरचे संशोधक लागलेले आहेत. अशा खुणेला ते बायोमार्कर म्हणतात. आपण साधे ‘खूण’ म्हणू. आणि सांगायला आनंद वाटतो की, अशा खुणांच्या इतिहासाची काही पाने आपल्या मुंबईत, परळला आणि भायखळ्याला लिहिली गेली आहेत. आज ती पाने आपण उलटून पाहू.

आधी रोग म्हणजे काय ते समजून घेऊ. समजा, पन्नाशीचा एक शेतकरी आहे. एके दिवशी सदऱ्याची गुंडी लावताना त्याची बोटे अडखळतात. महिन्याभराने चालता चालता एका पायातली वहाण निसटू लागते. किंवा एखाद्या गुरुजींच्या हातातला खडू फळ्यावर लिहिताना गळून पडतो. दुखत काही नाही, हाताला मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. मग कोणी म्हणतो, मानेचा मणका असेल. कोणी म्हणतो, अशक्तपणा आहे, शक्तीची इंजेक्शने घ्या. कोणी भगताकडे नेतो. असे करता करता हात वाळतो, पाय लटपटतो, बोलणे जड होते, आणि वर्ष सरते.

हे होते कशामुळे? आपल्या पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. मेंदूचा हुकूम त्यातून खाली येतो आणि मज्जारज्जूतल्या काही खास पेशी तो हुकूम स्नायूपर्यंत पोचवतात. या पेशी म्हणजेच मोटर न्यूरॉन. आपल्या भाषेत, हालचालीचे हुकूम वाहणाऱ्या पेशी. पाटाच्या पाण्याचा दाखला घ्या. वर धरण भरलेले आहे, खाली जमीन चांगली आहे, पण मधली चारी बुजली तर शेवटचे वावर वाळणारच. या रोगात तसेच होते. स्नायू मुळात धडधाकट असतो, पण त्याच्याकडे येणारी चारी बुजते आणि तो वाळत जातो.

पॅरिसमध्ये सालपेत्रिएर नावाचे मोठे रुग्णालय आहे. तेथे शार्को नावाचे डॉक्टर होते. रोग्याची जिवंतपणी बारकाईने टिपणे करायची आणि मृत्यूनंतर त्याचा मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, अशी त्यांची रीत. १८६९ पासून त्यांनी या रोग्यांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि १८७४ मध्ये रोगाला नाव दिले. खूण सापडली खरी, पण केव्हा? रोगी गेल्यानंतर! तेव्हापासून दीडशे वर्षे वैद्यकाची धडपड हीच चालली आहे, की मृत्यूनंतर दिसणारी ही खूण जिवंतपणी आणि लवकर कशी दिसावी.

लवकर दिसत नाही, याचेही एक कारण आहे. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींचे काम सांभाळून घेतात. एक भाऊ आजारी पडला म्हणजे दुसरा भाऊ त्याचे वावर पडीक पडू देत नाही, आपल्या औताने ते नांगरून देतो. तशीच एक पेशी मेली की शेजारची पेशी नवी धुमारे फोडून तिचे स्नायूतंतू आपल्याकडे घेते. त्यामुळे बाहेरून सारे ठीक दिसते. बऱ्याच पेशी गेल्या आणि उरलेल्यांना ओझे पेलेनासे झाले, म्हणजे मग गुंडी लागत नाही. रोग त्या दिवशी सुरू झाला असे आपल्याला वाटते. खरे तर तो केव्हाच आत शिरलेला असतो.

आता परळला चला. लालबागकडून पुढे आलात की गिरण्यांच्या जुन्या वस्तीत हाफकिन संस्थेची इमारत लागते. एके काळी तेथे मुंबईच्या गव्हर्नराचे निवासस्थान होते. १८९६ च्या प्लेगात हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या वाड्यात आली. याच परळात १९४९ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पोलिओ संशोधन केंद्र सुरू झाले.

तुम्ही म्हणाल, पोलिओचा आणि या रोगाचा संबंध काय? संबंध जवळचा आहे. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या नेमक्या याच, हुकूम वाहणाऱ्या पेशींवर घाला घालतो. म्हणून पोलिओत पाय लुळा पडतो, पण त्याला चिमटा काढला तर कळतो. फरक इतकाच की पोलिओ चार दिवसांत घाला घालून थांबतो, आणि मोटर न्यूरॉनचा रोग थांबत नाही. हालचालीच्या पेशींच्या रोगाशी आपल्या देशाने दिलेली सर्वांत मोठी झुंज पोलिओचीच. त्या झुंजीतून जो धडा मिळाला, तो आजच्या विषयाला लागू पडतो.

तो धडा असा. पोलिओचा विषाणू शिरलेल्या सुमारे दोनशे मुलांमागे एकाचाच पाय लुळा पडतो. बाकीची मुले खेळत-बागडत राहतात आणि त्यांच्या विष्ठेतून विषाणू पसरत राहतो. म्हणजे एक लुळा पाय दिसला, तेव्हा विषाणू शंभर घरे फिरून आलेला असतो. मग लुळ्या पायाची वाट पाहत बसून कसे चालेल? १९९७ पासून देशभर नियम घालण्यात आला की, पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, तर चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवायचे. परळची प्रयोगशाळा, जिला पुढे एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र हे नाव मिळाले, त्या जाळ्यातली एक मुख्य प्रयोगशाळा होती. खेड्यापाड्यातून हे नमुने नेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांपैकी काही जण आज हे बोलणे ऐकत असतील. त्यांना माझा नमस्कार.

पण परळच्या शास्त्रज्ञांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. २००१ पासून त्यांनी मुंबईचे सांडपाणीच तपासायला घेतले. चाळीत राहणारा असो की झोपडीत राहणारा, साऱ्यांचे सांडपाणी गटारात एकत्र येते. ठरलेल्या ठिकाणांहून नेमाने नमुने घ्यायचे, ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर सोडायचे आणि विषाणू निघतो का पाहायचे. निघालाच तर त्याची वंशावळ तपासून तो कोणत्या प्रांतातून आला हेही ताडता येई. शहरात एकाही मुलाचा पाय लुळा पडला नसताना गटाराचे पाणी सांगत असे की, पाहुणा आला आहे, सावध व्हा. मग त्या भागात लसीचे थेंब देण्याची मोहीम जोराने होई. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातला शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातला. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला.

रोगाच्या आधी खूण असते, आणि ती शोधायला रोग्याच्या अंथरुणाशीच थांबावे लागते असे नाही, हे परळने दाखवून दिले.

मात्र मोटर न्यूरॉनच्या रोगात ही युक्ती चालत नाही. तो संसर्गाने होत नाही. त्यात पकडायला विषाणू नाही. मग खूण शोधायची कशात? त्यासाठी परळहून दक्षिणेकडे भायखळ्याला, जे. जे. रुग्णालयात जाऊ. १८४५ साली सुरू झालेले हे रुग्णालय तुमच्यापैकी अनेकांनी कोणा नातेवाइकाच्या निमित्ताने पाहिलेले असेल. तेथे १९५७ पासून डॉ. नोशीर वाडिया काम करू लागले. जन्म १९२५ चा, सुरतेचा. शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर लंडनला. परत आल्यावर जे. जे. मध्ये त्यांनी मज्जाविकारांचा स्वतंत्र विभाग उभा केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २०१६ मध्ये ते वारले.

१९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. त्या काळचे लोक ती विसरले नसतील. डोळे रक्तासारखे लाल होत. आफ्रिकेतील घाना देशात ही साथ १९६९ मध्ये निघाली होती. चंद्रावर माणूस उतरला ते हेच वर्ष, म्हणून तिकडे तिला ‘अपोलो’ म्हणू लागले. बंगालमध्ये तिला ‘जय बांगला’ असे नाव पडले. डोळे आठवड्याभरात बरे होत आणि लोक विसरून जात. पण त्या सुमारास जे. जे. मध्ये काही प्रौढ माणसे येऊ लागली. त्यांच्या पायांतली शक्ती अचानक गेलेली. पोलिओसारखाच लुळेपणा, पण पोलिओ तर मुलांचा रोग! डॉ. वाडिया आणि त्यांचे सहकारी यांना चौकशीत आढळले की, काही दिवसांपूर्वी किंवा काही आठवड्यांपूर्वी या माणसांचे डोळे आले होते. डोळ्यांच्या साथीचा आणि पायांच्या लुळेपणाचा हा संबंध त्यांनी १९७२ आणि १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात मांडला. १९८१ मध्ये साथ पुन्हा आली, तेव्हा अशा रोग्यांच्या रक्तात आणि कण्यातल्या पाण्यात त्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. संबंध पक्का झाला.

शिक्षक मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. या शोधाला आरंभी कोणते यंत्र लागले? कोणतेही नाही. ‘महिनाभरात तुम्हाला दुसरे काही झाले होते का?’ हा एक प्रश्न लागला. रोगी आपण होऊन सांगत नाही, कारण डोळ्यांचा पायांशी संबंध असेल हे त्याच्या मनातही येत नाही.

त्याच १९७१ साली डॉ. वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांचा आणखी एक निबंध ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नऊ कुटुंबांची ती हकिकत आहे. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालण्याचा तोल जाण्याचा रोग होता. तोल जाण्याचे रोग पुष्कळ आहेत, पण या नऊ घराण्यांत एक वेगळी गोष्ट दिसली. आपण एका वस्तूकडून दुसरीकडे पाहतो तेव्हा बुबुळे झटकन उडी मारतात. पुस्तकातली ओळ संपली की डोळा उडी मारूनच पुढच्या ओळीच्या आरंभाला येतो. या लोकांचे डोळे उडी मारीत नसत, सावकाश सरकत. खूण एवढीशीच, पण तिने हा रोग बाकीच्यांपासून वेगळा काढता आला.

या लहानशा खुणेला पुढे केवढी फळे आली ते पाहा. १९९६ मध्ये संशोधकांना या रोगाचे जनुक सापडले. जनुक म्हणजे आईबापांकडून मिळालेले लिखित. त्या लिखितात तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. ग्रामोफोनची सुई अडकून तेच पद परत परत वाजावे, तसा. निरोगी माणसात तो शब्द बहुधा बावीस वेळा येतो. तो साधारण चौतीसच्या पुढे गेला, की तोल जाण्याचा हा रोग होतो. १९९८ मध्ये डॉ. वाडियांनी सहा भारतीय घराण्यांत हे जनुक आणि डोळ्यांची सावकाश चाल यांची सांगड घालून दाखवली. क्युबा देशात हा रोग बराच आहे. तेथल्या संशोधकांनी २००९ मध्ये सांगितले की, ज्यांच्यात जनुक आहे पण चाल अजून नीट आहे, अशांच्याही डोळ्यांची गती कमी झालेली असते. म्हणजे पाऊल अडखळण्याच्या आधी डोळा सांगतो.

आणि २०१० मध्ये तर या कथेने आपल्या मूळ विषयाशीच गाठ घातली. अमेरिकेतील संशोधकांना आढळले की, याच जनुकातला तो शब्द सत्तावीस ते तेहतीस वेळा आला, म्हणजे ना धड निरोगी ना धड तोल जाण्याचा रोग, अशी मधली स्थिती असली, तर मोटर न्यूरॉन डिसीज होण्याचा संभव वाढतो. सगळ्यांनाच होतो असे नाही. बहुतेकांना होतही नाही. पण भायखळ्याच्या दवाखान्यात ज्या रोगाचे वर्णन झाले, त्याच्या जनुकाने चाळीस वर्षांनी एका भलत्याच रोगाच्या संशोधनाला वाट दाखवली.

जनुक धोका सांगते, पण रोग केव्हा सुरू झाला हे सांगत नाही. त्यासाठी आज ज्या खुणेवर सर्वांची नजर आहे, ती रक्तात सापडते. तुमच्यातल्या जुन्या माणसांनी मोट पाहिली असेल. मोटेचा नाडा अंबाडीचा. नाडा एकदम तुटत नाही. आधी त्याचे तूस गळते आणि विहिरीच्या पाण्यावर तरंगते. पाण्यावर तूस दिसले की शहाणा शेतकरी नाडा बदलायच्या तयारीला लागतो. मज्जापेशीच्या लांब धाग्याच्या आतही असेच बारीक तंतू असतात. त्यांना न्यूरोफिलामेंट म्हणतात. पेशी झिजू लागली की हे तंतू सुटून कण्यातल्या पाण्यात येतात आणि त्यांतला अगदी थोडा अंश रक्तातही उतरतो. तो मोजता येईल अशी नाजूक साधने आता निघाली आहेत.

काही कुटुंबांत हा रोग आनुवंशिक असतो. अशी कुटुंबे दहांत एखादे. त्यांतल्या एका प्रकारचे जनुक १९९३ मध्ये सापडले. त्या घराण्यांतल्या निरोगी माणसांचे रक्त वर्षानुवर्षे तपासून पाहिले, तेव्हा काहींच्या रक्तात लक्षण दिसण्याच्या सुमारे वर्षभर आधीच हे तंतू वाढलेले आढळले. २०२३ मध्ये अमेरिकेने या एका प्रकारासाठी टोफरसेन नावाचे औषध मंजूर केले. ते कण्यातल्या पाण्यात टोचतात. औषधाने रक्तातले तंतू कमी होतात, हाच त्या मंजुरीचा मुख्य आधार होता. आता तर तंतू वाढले की लक्षणांची वाट न पाहता औषध सुरू करून काय होते, याची चाचणी चालू आहे.

परंतु, श्रोतेहो, तुमची फसवणूक होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. विहिरीवर तूस दिसले तरी ते कोणत्या दोराचे, हे पाणी सांगत नाही. मेंदूला मार लागला, पक्षाघात झाला, इतर मज्जाविकार झाले, तरी हे तंतू वाढतात. तेव्हा एकट्या रक्ततपासणीवरून या रोगाचे निदान होत नाही. आजही डॉक्टर रोग्याला हातांनी तपासतात, सुई घालून स्नायूची विद्युत-तपासणी करतात, मणक्याचे चित्र काढतात आणि दुसरे, बरे होण्याजोगे रोग एकेक करून वगळतात. टोफरसेनही शंभरांतल्या दोघा रोग्यांच्याच उपयोगाचे. बाकीच्यांसाठी रिल्युझोल हे १९९५ पासूनचे औषध आहे; ते रोग बरा करीत नाही, आयुष्य थोडे लांबवते. मग लवकर निदानाचा फायदा काय? औषध लवकर सुरू होते. अन्न नीट गिळता यावे, श्वासाला यंत्राची मदत मिळावी, याची तजवीज वेळेवर होते. नको त्या शस्त्रक्रिया आणि नको ते खर्च टळतात. आणि माणसाला आपल्या घरादाराची, मुलांच्या शिक्षणाची, मनातल्या गोष्टींची व्यवस्था स्वतः लावता येते. हे काही थोडे नाही. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी हा रोग असल्याचे कळले. ते २०१८ पर्यंत जगले आणि काम करीत राहिले. असे फार थोड्यांच्या वाट्याला येते, हे खरे. पण हात गेला म्हणून बुद्धी जात नाही, हे त्यांनी जगाला दाखवले.

आता आपल्या हाती काय आहे? घरातल्या कोणाच्या एका हाताची किंवा पायाची शक्ती हळूहळू कमी होत असेल, स्नायू वाळत असेल, जीभ जड होत असेल, तर ‘वयोमानाने होते’ म्हणून सोडून देऊ नका. पापणी फडफडली किंवा पोटरीचे मांस उडाले, एवढ्याने मात्र घाबरू नका. ते बहुतेकांना होते आणि त्यात काही नसते. शक्ती जाते आणि जागा बधिरही आहे, असे असेल तर रोग बहुधा वेगळा असतो. तो कुष्ठरोगही असू शकेल, आणि त्यावर हमखास उपचार आहेत. म्हणून ओळखणे डॉक्टरांवर सोपवा. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि तेथून मज्जाविकारांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागा. जाताना एक वही न्या. पहिल्यांदा गुंडी कधी अडली, वहाण कधी निसटली, मागे कोणते दुखणे येऊन गेले, घराण्यात कोणाला असे काही होते का, हे तारखांसह लिहून ठेवा. गावात हे लिहून देणारे शिक्षकच असतात. गुरुजी, हे काम तुमचे.

परळच्या प्रयोगशाळेने गटाराच्या पाण्यात खूण पाहिली. भायखळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या हालचालीत पाहिली. आज जगातल्या प्रयोगशाळा ती रक्ताच्या थेंबात पाहू लागल्या आहेत. पण यांपैकी कोणापर्यंतही पोचण्याआधी पहिली खूण दिसते ती घरात, ओसरीवर, शाळेच्या फळ्यापाशी. ती पाहणारे डोळे तुमचे आहेत. ते उघडे ठेवा, एवढेच माझे सांगणे.